त्या घरचा चहा

२०२५ च्या शिमग्याला गावी गेले होते. गाव माहेरचं, कोकणातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्याचा त्रास मला होणार नाही, तिथे राहणाऱ्यांना होईल. का, ते पुढे कळेलच.

शिमग्याला आमच्याकडे देव घरी येतो. एरवी आपण देवळात जायचं, पण या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून, घराघरातून फिरते. खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, शेणाने सारवून ठेवायचं, रांगोळी काढायची, पाट मांडायचा आणि ढोलाचा आवाज कुठवर आला याकडे कान लावून बसायचं. पालखी खळ्यात नाचते, पाटावर बसते, घरची बाई देवीची ओटी भरते, गुरव त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो. एवढ्यासाठी मुंबईचा चाकरमानी भांडून रजा काढतो, नाहीच मिळाली तर नोकरीवर पाणी सोडतो. ज्यांना कोकण ठाऊक आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

तर पालखी आमच्या घरून निघाली, शेजारच्या दोन घरी गेली आणि माघारी वळली. वाडीच्या टोकाला आणखी एक घर होतं. त्याचंही खळं सारवलेलं होतं. दारात एक बाई उभी होती. ढोल दुसऱ्या वाडीकडे निघून गेले तरी ती उभीच होती.

माझी भाची नऊ वर्षांची. मुंबईत वाढलेली, त्यामुळे कुठे काय विचारू नये हे तिला कळत नाही. ती म्हणाली, "आत्या, देव त्या घरी का नाही गेला?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणजे माझे काका, वय वर्षं ब्याऐंशी. ते ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "ते घर आपल्यात नाही."

हेच वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं. अगदी याच शब्दांत. फक्त तेव्हा 'ते घर' म्हणजे आता ज्या ओटीवर तात्या बसले होते ते, आमचंच घर होतं.

गोष्ट १९८७ सालची. गावातल्या एका विधवा बाईचा बांधावरून वाद होता. समोरचा माणूस गावकीतला वजनदार. गावकी बसली, निकाल बाईच्या विरुद्ध गेला. बाईने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. गावचा तंटा गावाबाहेर न्यायचा नाही, हा आमच्या गावकीचा पहिला नियम. तो तिने मोडलाच, पण तात्यांनी त्याहून मोठा गुन्हा केला. बांध आधी कुठे होता ते त्यांनी कोर्टात खरं सांगितलं.

पुढच्या बैठकीत तात्यांना पंधराशे एक रुपये दंड झाला. शिवाय देवळापुढे नारळ ठेवून माफी मागायची. तात्या म्हणाले, खरं बोलल्याचा दंड मी भरणार नाही. झालं. त्या रात्रीपासून घर वाळीत.

वाळीत टाकणं म्हणजे काय, ते शहरात वाढलेल्यांना नीट कळत नाही. त्यांना वाटतं, चार लोक बोलणार नाहीत, मग काय झालं? आम्ही तरी शेजाऱ्याशी कुठे बोलतो? पण गावात माणूस एकट्याने जगूच शकत नाही, अशीच तिथली सगळी रचना असते. भातलावणी एकट्या घराची होत नाही, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, अशी आळीपाळीने होते. त्या वर्षी आमच्या शेतात कोणी उतरलं नाही. रोप तरव्यातच पिवळं पडलं. भात भरडायला गिरणीवाला घेईना, तेव्हा तात्या डोक्यावर पोतं घेऊन तालुक्याला जायचे. एस.टी.चा कंडक्टर तेवढा कुठल्याच गावकीचा नव्हता, तो तिकीट द्यायचा. विहिरीवर कोणी अडवत नसे, पण काकू गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. चार-आठ दिवसांनी काकूच पऱ्ह्याचं पाणी आणायला लागली. शाळेत चुलतभावाच्या बाकावर कोणी बसेना. गुरुजी बाहेरगावचे होते, भले होते. त्यांनी एकदा मुलांना रागावून त्याच्या शेजारी बसवलं, तर दुसऱ्या दिवशी ती मुलं शाळेतच आली नाहीत.

आणि यातली खरी मेख पुढेच आहे. दंड फक्त तात्यांना नव्हता. जो कोणी तात्यांशी बोलेल, त्यांच्या घरचं पाणी पिईल, त्याला दोनशे एक्कावन्न रुपये. त्यामुळे पहारा ठेवायला वेगळा माणूस नेमावा लागला नाही. प्रत्येक जण स्वतःवरच पहारा ठेवत होता, आणि जमलंच तर शेजाऱ्यावरही.

'बंद समाज' असं म्हटलं की आपल्याला उत्तर कोरिया आठवतो, नाहीतर बर्लिनची भिंत. काटेरी तार, हातात बंदुका, पासपोर्ट नाही. कल्पना मुळात आली ती तत्त्वज्ञांच्या पुस्तकांतून. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९३२ मध्ये बंद समाज आणि खुला समाज असा फरक मांडला. मग हिटलरच्या सावलीतून व्हिएन्ना सोडून न्यूझीलंडला गेलेल्या कार्ल पॉपरने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४५ मध्ये आला. पॉपरच्या डोळ्यांपुढे हुकूमशाह्या होत्या. पण बंद समाजाचं मूळ रूप म्हणून त्याने टोळी धरली आहे. नात्याने बांधलेली, एकत्र राबणारी, सुखदुःख वाटून घेणारी टोळी. मी ते वाचलं तेव्हा मला लालबागची खोली आठवली.

ही खोली आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची. माझे वडील १९६२ साली सतराव्या वर्षी मुंबईला आले ते एक वळकटी आणि या खोलीचा पत्ता घेऊन. दहा बाय बाराच्या त्या खोलीत गावची वीस-बावीस माणसं राहायची. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे त्याच वळकट्यांवर आडवे व्हायचे. बदली कामगार म्हणून नाव लागेपर्यंत बाबांकडे कोणी भाडं मागितलं नाही, जेवणाचे पैसे मागितले नाहीत. त्यांचं लग्न मंडळाने लावलं. पुढे खोली घ्यायला पागडी कमी पडली ती मंडळाने भरली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कधी संपलाच नाही. आमच्या घरात तेव्हा तांदूळ आला तो गावातून, मंडळाच्या माणसांनी डोक्यावरून आणलेला. भावाच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला गावची पंधरा पोरं रांगेत उभी होती. त्यातल्या निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो.

हे सगळं खरं आहे. गावकी म्हणजे गुंडांची टोळी, असं लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. इतकं जवळचं, इतकं भरवशाचं मला पुढे आयुष्यात कुठे काही मिळालं नाही. बँकेत तीस वर्षं नोकरी केली, विमा आहे, पेन्शन आहे, पण रात्री दोन वाजता रक्त द्यायला पंधरा माणसं विमा कंपनी पाठवत नाही.

म्हणूनच १९८७ साली मंडळाच्या बैठकीत गावाचा निर्णय वाचून दाखवला, तेव्हा बाबांनी सही केली. सख्ख्या मोठ्या भावाला वाळीत टाकण्याच्या कागदावर. गिरणी बंद, मंडळाचं देणं डोक्यावर, दोन मुलं शाळेत. त्या रात्री ते जेवले नाहीत. आईने काही विचारलं नाही. मी चौदा वर्षांची होते, मला सगळं समजत होतं. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून आम्ही शिमग्याला, गणपतीला गावी जायचो ते दुसऱ्या भाऊबंदांच्या घरी उतरायचो. आमच्या स्वतःच्या घरावरून जाताना मान खाली घालायची. एकदा काकू परसात उभी होती. तिने मला बघितलं, मी तिला बघितलं. तिनेच पटकन तोंड फिरवलं. मला दंड होऊ नये म्हणून.

१९९४ च्या आषाढात आजी गेली. बाबा रात्रीची एस.टी. पकडून गेले, आईबरोबर मीही. कोकणात मयत झालं की प्रत्येक घरातून सरणासाठी लाकूड येतं, सांगावं लागत नाही. आजीसाठी एकाही घरातून आलं नाही. पावसाची झड लागलेली. तात्यांनी गोठ्याचे वासे काढले. खांद्याला तात्या, बाबा, चुलतभाऊ आणि काकूच्या माहेरून आलेला एक माणूस. वाटेत लोक पडवीत उभे राहून हात जोडत होते. काही रडतही होते. आजीने त्यांच्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं केली होती. पण पायरी कोणी उतरलं नाही.

खांदा दिल्याबद्दल बाबांना दोनशे एक्कावन्न रुपये दंड झाला. तो त्यांनी निमूट भरला. पण पुढचे दिवस ते तात्यांकडे राहिले नाहीत. एका आईचं तेरावं दोन घरांत झालं. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

तुम्ही म्हणाल, हे अडाणी खेड्यातलं झालं. तर जरा पुण्याकडे वळू.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली नामवंत मंडळी गेली होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. बोलावण्यामागे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. वल्ली माणूस. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. ख्रिस्ती मिशनचा चहा प्यायल्याबद्दल सनातनी मंडळी शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी झाली, ग्रामण्य झालं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि रानड्यांनी, ज्यांना स्वतःला त्यात काडीचाही दोष दिसत नव्हता त्या रानड्यांनी, १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. आपल्यामुळे मित्रांची घरोघर अडचण होते, मुलींची लग्नं अडतात, श्राद्धाला भटजी मिळत नाहीत, हे त्यांना बघवेना. रमाबाईंनी आपल्या आठवणींत या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे. सुधारकांनी तेव्हा रानड्यांना खूप बोल लावले. मीही कॉलेजात असताना लावले असते. आता धाडस होत नाही.

त्याच काळात, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, गोदूबाई या विधवेशी. त्यांचं गाव दापोली तालुक्यातलं मुरूड. गावाच्या भल्यासाठी मुरूडकरांकडून पै-पैसा जमवून 'मुरूड फंड' उभा करणारा हा माणूस. त्या मुरूडनेच त्यांना वाळीत टाकलं, आणि त्यांच्याशी संबंध ठेवतील त्या घरच्यांनाही टाकू असं बजावलं. पुढे १९५८ साली कर्वे भारतरत्न झाले. पण आईच्या घरी उजळ माथ्याने उतरता येत नाही हे दुःख भारतरत्नाने कसं भरून येणार?

बंद समाज ही फक्त खेड्याची किंवा एका जातीची मिरास नाही. हरियाणात याला हुक्कापाणी बंद म्हणतात. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. जात म्हणजे चारी बाजूंनी बंद झालेला वर्ग, अशी त्यांची मांडणी. वरच्यांनी आधी स्वतःला कोंडून घेतलं, मग बाकीच्यांनी त्यांचं अनुकरण केलं. आणि जो आत राहून वेगळं वागतो त्याला बहिष्काराने बाहेर काढलं जातं, हेही त्यांनी त्यात दाखवलं आहे. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दर वार्षिक सभेला 'फ्लॅट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही' यावर तासभर चर्चा होते. मासे खाणारे नकोत, एकटी राहणारी मुलगी नको. तिथेही मी गप्प बसते. असो.

तात्यांनी अकरा शिमगे काढले. १९८८ ते १९९८. दर वर्षी काकू खळं सारवायची, पाट मांडायची. पालखी यायची नाही, हे ठाऊक असून. शेवटी धाकट्या मुलीचं लग्न जमवताना तिसऱ्या ठिकाणीही पहिला प्रश्न तोच आला, "तुम्ही गावकीत आहात ना?" त्या मे महिन्यात तात्यांनी पाच हजार एक रुपये मोजले, देवळापुढे नारळ ठेवला आणि बोलू नये ते बोलले: "माझं चुकलं." बांध जिथे होता तिथेच होता.

१९९९ चा शिमगा मला आठवतो. पालखी खळ्यात आली तेव्हा काकू ओटी भरता भरता खाली बसली, तिला उभं राहवेना. बाबा आणि तात्या दोघांनी मिळून पालखी नाचवली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. तीच माणसं, ज्यांनी सरणाला लाकूड दिलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला कुणाचाही राग आला नाही. मीही टाळ्या वाजवल्या. आत परत घेतलं, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्याच वर्षी गावातल्या एका मुलाने मुंबईत दुसऱ्या जातीची मुलगी केली. गावकी बसली. त्याचं घर वाळीत टाकायचं का, असं विचारल्यावर हात वर झाले. त्यात तात्यांचा हात होता.

मला कळलं तेव्हा मी चिडले. गावी गेल्यावर विचारलं, "तात्या, तुम्ही? तुम्हाला तर माहीत आहे काय होतं ते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, माहीत आहे म्हणूनच. मी हात वर नसता केला तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं."

बंद समाज कसा चालतो याबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण तात्यांच्या या उत्तराच्या पलीकडे मला फारसं काही सापडलं नाही. जो बाहेर राहून आला आहे, तोच दाराला सगळ्यात घट्ट कडी घालतो. त्याची आतली जागा कच्ची असते ना.

कायदा नव्हता का? होता आणि नव्हता. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर, बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत मात्र वेगळं होतं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं महाराष्ट्रात या प्रकाराला स्वतंत्र असा कायदाच नव्हता. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान चालवलं, माणसं पुढे येऊन बोलू लागली, रायगडच्या किनाऱ्यावरची कितीतरी प्रकरणं वर्तमानपत्रांत आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. याचा मला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही.

पण २०२५ च्या शिमग्याला ते टोकाचं घर होतंच.

त्यांचा गुन्हा काय, तर देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीचा हिशेब मागितला. तोही बैठकीत नाही. घरातला मुलगा शिकलेला, त्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, किती जमले, किती खर्च झाले. दहा मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढलं. पूर्वी वाळीत टाकलं की गुरव वाडीवाडीत सांगत फिरायचा. आता तेवढेही कष्ट नाहीत. आणि पुरावाही नाही. ग्रुपमधून काढणं हा काही गुन्हा नव्हे, न बोलणं हा काही गुन्हा नव्हे, पालखी थकली म्हणून वळली असं कोणीही सांगेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी चपला घातल्या.

इथे एक गंमत सांगायला हवी. गावकीच्या बैठकीला बायका नसतात. आमचं नाव कुठल्या वहीत नाही, मत नाही, वर्गणीही घराच्या पुरुषाच्या नावाने. तेव्हा मी मनाशी म्हटलं, मी गावकीची कोणीच नाही, तर मला कोण वाळीत टाकणार? उंबऱ्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं, माझ्या चहाचा दंड माझ्या भावाला बसेल. किंवा तात्यांना. ब्याऐंशीव्या वर्षी. बंद समाजाची ही तऱ्हा. तुमच्या धाडसाची किंमत तो तुमच्याकडून घेतच नाही, तुमच्या माणसाकडून घेतो. रानडे का वाकले, बाबांनी सही का केली, ते मला त्या उंबऱ्यावर जेवढं समजलं तेवढं पुस्तकांतून समजलं नव्हतं.

मी भावाला उठवलं नाही. उठवून विचारायला हवं होतं, हे आता पटतं. पण विचारलं असतं तर तो 'नको' म्हणाला असता, आणि मला ते ऐकावं लागलं असतं.

टोकाच्या घरी वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून उभी राहिली. बस म्हणाली नाही. म्हणाली, "ताई, वाट चुकलीस काय?"

म्हटलं, "नाही. चहा प्यायला आले."

तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नक्की घेशील? का नुसती बसून जातेस? नुसती बसलीस तरी चालेल हां. मला राग नाही यायचा."

मला १९८७ नंतरची काकू आठवली, तोंड फिरवणारी. मी म्हटलं, "आलं घाल थोडं."

ती आत गेली. तिचा मुलगा बाहेर आला. मी त्याला कायद्याचं सांगायला लागले, तर त्याला कलमं माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. तो म्हणाला, "आत्या, तक्रार करता येते. पोलीस येतील, दोन-चार जणांना धरतील, ते जामिनावर सुटतील. मग समेट करा म्हणून सगळे आमच्याच मागे लागतील. आणि समजा झाली शिक्षा, तर शिक्षा झालेल्यांच्या घरची माणसं आमच्या मयताला येणार आहेत? मला कोर्टाकडून न्याय नको, मला हिशेब हवा. आणि आईला पालखी हवी." मग जरा थांबून म्हणाला, "या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, एवढं आता कळलंय."

चहा आला. कपबशीतून, घरातल्या चांगल्या कपबशीतून. मी दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात काठीचा आवाज आला.

तात्या होते. मला शोधत आले असावेत. ते कुंपणाशी थांबले. बाहेरच्या बाजूला. पायाचा अंगठा गडग्याला लागलेला, पण आत पाऊल नाही. वहिनी दाराआड सरकली. मुलगा उठून उभा राहिला. मी कप खाली ठेवला नाही, पण प्यायलाही जमेना.

तात्यांनी माझ्या कपाकडे बघितलं. मग दाराकडे बघून, नाव न घेता, म्हणाले, "दूध कुठून आणता?"

आतून काही वेळ उत्तर आलं नाही. दोन वर्षांत गावातल्या कोणी त्या घराला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"पावडरचं आहे, तात्या," वहिनी म्हणाली. "तालुक्याहून आणते."

"हं," तात्या म्हणाले. "पावडरच्या चहाला चव नसते." आणि ते वळले. पण लगेच गेले नाहीत. गडग्याला टेकून, आमच्याकडे पाठ करून, माझा कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभे राहिले. रस्त्याने दोघे-तिघे गेले. त्यांनी बघितलं. तात्यांनीही त्यांच्याकडे बघितलं.

परत येताना आम्ही एक शब्द बोललो नाही.

रात्री भावाला मुंबईहून मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. तो खळ्यात जाऊन पंधरा मिनिटं बोलत होता. आत आला तेव्हा माझ्याकडे न बघता अंथरूण घातलं. मेच्या बैठकीत विषय निघाला, एवढं मला बाहेरून समजलं. दंड किती ठरला, आणि तो त्याने भरला की नाही, हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.